मावशीच्या रायफलीची वीस काडतुसं

१३ जून

लागला! मूसच्या शिकारीचा परवाना लागला! आणि कोणाला? मला!!

एकतीस वर्षं माझा नवरा ऑल्विन सोडतीत दोघांची नावं घालतोय. स्वतःचं जीव तोडून, माझं आपलं सोबतीला. आणि निघालं ते शाळेच्या स्वयंपाकघरात जन्मभर सूप ढवळणाऱ्या बाईचं! आजवर त्याने मारून आणलेली हरणं मी फक्त कापली, कागदात बांधली, फ्रीजरमध्ये कोंबली. मी बार काढलेत ते पत्र्याच्या डब्यांवर. आणि आता एकदम घोड्याहून उंच जनावर! एकदा परवाना लागला की सात वर्षं नाव घालता येत नाही. म्हणजे आमच्या वयाला आयुष्यात एकदाच.

पत्र त्याला वाचून दाखवलं. हातातला कप खाली पडून फुटला. "छान झालं," म्हणाला आणि शेडकडे निघून गेला. जळला मेला! जळू दे. मी केक केला आणि निम्मा एकटीने खाल्ला.

१६ जून

ऑल्विनची रायफल उडवली तर माझा खांदा निखळून यायचा. मला बसते ती सिग्ने मावशीची. हलकी, जुनी, गुणी. ती घेऊन हारलनच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. त्याने माप पाहिलं आणि हसला. "या मापाची काडतुसं, थोरा? ती तुझ्या मावशीबरोबरच गेली."

म्हणजे घरीच भरायची. मावशीच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या डबाभर आहेत. पण भरायचं सामान? चाळीस वर्षांचं सामान होतं शेडमध्ये! ऑल्विनने मार्चमध्ये ते सगळं आयडाहोच्या कुणाला विकून टाकलं. "जागा हवी होती." कशासाठी? टेबल अजून रिकामंच आहे!

म्हटलं, "नवं घेऊ. तू भरून दे. वीसच तर हवीत."

"मी हात लावणार नाही."

"हात लावायला काय झिजतात का तुझे!"

ताटातले बटाटे तसेच ठेवून उठला.

बरं. माझी मी भरीन. सामान निवडेन, शिकेन, भरेन. पण हा डोंगरात सोबत आला नाही तर? खालचं वाळुंजाच्या झुडपांचं दलदलीचं खोरं त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. आणि खरं सांगायचं तर त्याच्याशिवाय मला जायचंच नाही. हे त्याला सांगणार नाही.

२१ जून

फसले. गावात एकाच्या गॅरेजमध्ये जुनं सामान विकायला मांडलं होतं. तिथून चकचकीत यंत्र उचललं. हँडल दाबा, पुंगळ्या आपोआप फिरतात, चारी कामं एकदम! बर्निसने ट्रकमध्ये चढवायला मदत केली. ती चर्चच्या स्वयंपाकातली माझी मैत्रीण, बंदुकीतलं तिलाही माझ्याइतकंच कळतं.

ऑल्विन शेडच्या दारात उभा. दोन्ही हात खिशात.

"किती भरायची आहेत?"

"वीस."

"हे तासाला चारशे भरतं. कॅनडावर स्वारी आहे का?"

अस्सा राग आला! पण बर्निस तिथेच पायरीवर बसून हसायला लागली. "थोरा, दोघांच्या सूपासाठी शाळेचं पातेलं आणलंस गं!" मग मलाही आवरेना. परत देऊन आले.

पण बोलला तर खरा. आठवड्यात पहिल्यांदा.

२८ जून

हारलनकडे यादी केली. एका वेळी एकच काम करणारा साधा, जड प्रेस. मावशीच्या मापाचे साचे. लांबी मोजायला कॅलिपर. लाकडाचा ठोकळा — पन्नास भोकांचा, पुंगळ्या उभ्या ठेवायला. दारू ओतायचं नरसाळं. आणि किती दारू, कोणती गोळी हे सांगणारं जाडजूड पुस्तक. हारलन म्हणाला, "सगळ्यात आधी हे घे. बाकीचं नंतर. हे वाचल्याशिवाय डब्याचं झाकणसुद्धा उघडू नकोस."

तराजूवर अडलो. बॅटरीचा देखणा, आकडे लुकलुकतात. मी तोच धरून बसले होते. एवढ्यात मागून आवाज आला — "काट्याचा घे."

ऑल्विन! ट्रकमध्ये बसून राहणार होता, आत कधी आला कळलंच नाही.

"शेडमध्ये वारा येतो, थंडी पडते. ते आकडे भरकटतात आणि खोटं बोलताना कळतही नाही. काटा डोळ्यांसमोर असतो."

काट्याचा घेतला. सामान मात्र मीच उचललं, याने खिशातून हात काढले नाहीत. शिष्ट!

१४ जुलै

पुंगळी साच्यात अडकली. तेल हलकंसं लावायचं असतं, मला वाटलं लावलंय. शाळेत तूप-लोणी जपून वापरायची सवय, ती नडली. ओढलं, लोंबकळले, शेवटी प्रेससकट टेबलच नाचायला लागलं. ऑल्विन स्टुलावर बसून हसत होता. पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत! मग काढायची युक्ती सांगितली, तोंडानेच. "अगं, प्रत्येकाची एकदा अडकतेच. माझी तीन अडकली होती." चाळीस वर्षांत मला हे कधी सांगितलं नव्हतं.

२ ऑगस्ट

आज दारू मोजली. मी आयुष्यात मीठ मोजलेलं नाही. मूठ म्हणजे मूठ, चिमूट म्हणजे चिमूट, आणि दोनशे पोरं चाटूनपुसून खायची. इथे एक कण जास्त पडला की काटा वर जातो.

"असू दे ना, एवढ्याने काय!"

"ओत परत." इतका कडक आवाज! "इथे चिमूट चालत नाही, थोरा. पुस्तकातला सगळ्यात कमी आकडा धर, तिथून सुरू कर. रेडिओ बंद कर. बर्निसचा फोन आला तरी उचलू नकोस."

ओतलं परत. सात वेळा. पाच काडतुसं झाली! ओळीने उभी केली. माझ्या हातची! केकचंही मला इतकं कौतुक वाटलेलं नाही.

३ ऑगस्ट

पाचही उडाली. सगळी निशाणाच्या कागदावर, ताटलीएवढ्या गोलात. ऑल्विन दुर्बिणीशी वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "माझ्यापेक्षा बरी भरलीस."

गालावर मुका घेतला त्याचा. शेजाऱ्याने पाहिलं. पाहू दे!

१८ सप्टेंबर

वीस झाली. खोक्यावर तारीख, दारू, गोळी, सगळं लिहिलं, त्याने सांगितलं तसं.

मनाचा हिय्या करून विचारलं, "येशील ना?"

"नाहीतर वाट कोण दाखवणार, बर्निस?"

१९ ऑक्टोबर

मारला!! एकच बार!

पहाटे गारठ्यात वाळुंजांच्या कडेला बसलो. थर्मास त्याने माझ्याकडे सरकवला, "तुझा परवाना, तूच कॉफी ओत." साहेब! ओतली. मग कानाशी कुजबुज — "थांब. अजून थांब. खांदा दिसू दे." धुक्यातून शिंगं आली, मग बाकीचं सगळं. मी श्वास सोडला आणि चाप दाबला. तो दोन पावलं गेला आणि बसला.

मी रडले. ऑल्विनही रडला! मग दिवसभर कापलं, बर्निसच्या नवऱ्याच्या घोड्यांवर लादलं. सुरी मी चालवली, याने फक्त हुकूम सोडले. आज सगळं माफ! उद्या कांद्यावर परतलेलं काळीज. आमच्यात इतका आनंद कधी झाला होता आठवत नाही.

२६ ऑक्टोबर

त्याचं जॅकेट धुवायला घेतलं. आतल्या खिशात चार घड्या घातलेला कागद. सोडतीच्या अर्जाची पावती, २८ एप्रिलची. अर्जदार एक. थोरा हॉवलंड. त्याचं नाव नाही. यंदा त्याने स्वतःचं नाव घातलंच नव्हतं.

खिडकीतून पाहिलं. तो व्हरांड्यात एकटाच बसलाय. एकटा असला की हात खिशात नसतात. मांडीवर होते. दोन्ही थरथरत होते.

हात लावायला झिजतात का, असं म्हणाले होते मी.

कॉफी केलीय. त्याचा कप अर्धाच भरला. जाते.