कोरडी वाइन, कोरडा टोस्ट

सोमवार, ४ तारीख

आयुष्याला कलाटणी मिळाली. साहेबांनी मला दुकानातल्या साबणांच्या मांडणीवरून उचलून वाइनच्या मांडणीसमोर उभं केलं. सगळ्या स्वस्तातल्या, रोज जेवताना घेण्याच्या वाइन. प्रत्येक बाटलीखाली पाटी हवी: हिच्याबरोबर काय खावं. साहेब म्हणाले, तुझं अक्षर चांगलं, शुद्धलेखन चोख, तूच लिही. शनिवारी गिऱ्हाइकांना चव द्यायची आहे. तो कार्यक्रम पार पडला तर वाइन विभाग तुझा आणि नोकरी कायम. पार नाही पडला तर काय, हे विचारायचं राहिलं.

मी वाइन कधीच प्यायलेलो नाही. पण तेही साहेबांनी विचारलं नाही. न विचारलेलं सांगणं हा आगाऊपणा.

घरी सांगितलं, विभागप्रमुख झालो. शनिवारी होणारच आहे. बाबा म्हणाले, विभागात माणसं किती? मी म्हटलं, सध्या मी. ते म्हणाले, मग प्रमुख कोणाचा, बाटल्यांचा?

संकल्प: शनिवारपर्यंत वाइनमधला तज्ज्ञ होणे.

मंगळवार, ५

वाइन की वाईन? दिवसभर यातच गेला. शेवटी ऱ्हस्व ठरवली. माल स्वस्तातला आहे, दीर्घ परवडणार नाही.

शेजारच्या चीजच्या काउंटरवरची मुलगी (सगळे तिला चीजवालीच म्हणतात) विचारत होती, किती पाट्या झाल्या? मी म्हटलं, एकही नाही, पण पाया पक्का होतो आहे. ती म्हणाली, गृहप्रवेश शनिवारी आहे, लक्षात ठेव. तिला माझी काळजी वाटते, हे उघड आहे.

रात्री, घरी

अभ्यासासाठी एक लाल बाटली घरी आणली. लेबलवर 'ड्राय' लिहिलं आहे. आईने खिडकी लावून घेतली. एक घोट घेतला. आंबट. तुरट. बाटली खराब निघाली असावी. बाबांनीही घेतला, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा घेतला. बाटली खराब नसावी. मग त्यांनी विचारलं, ड्राय म्हणजे कोरडी ना? मग ओली वस्तू कोरडी कशी असेल?

उत्तर सुचलं नाही. उद्या सुचेल.

बुधवार, ६

सुचलं! दात घासताना.

वाइन प्यायल्यावर जीभ टाळूला चिकटते. म्हणून ती कोरडी. म्हणजे कोरड्या वाइनबरोबर कोरडं खायचं आणि कोरडी नसलेल्या वाइनबरोबर ओलं. जशास तसे. इतकी सोपी गोष्ट, आणि लोक यावर म्हणे जाड जाड पुस्तकं लिहितात.

एका बैठकीत सगळ्या पाट्या लिहिल्या.
ड्राय रेड: टोस्ट, खारे दाणे, उकडलेल्या अंड्याचा पिवळा भाग (फक्त).
मीडियम ड्राय: टोस्ट, पण एका बाजूने लोणी.
स्वीट: सूप.
बुडबुड्यांची: पॉपकॉर्न, कारण दोन्ही उडतात.

तीनदा तपासल्या. एकही चूक नाही. साहेबांनी लांबूनच पाहिल्या आणि म्हणाले, अक्षर सुंदर. लेखकाला आणखी काय हवं?

गुरुवार, ७

लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी, असं खोक्यावर छापलं आहे. कोणाच्या खोलीच्या, ते छापलेलं नाही. आमच्या खोलीवर पत्रा आहे. दुपारी बादलीतलं पाणीसुद्धा कोमट होतं. तरी नियम तो नियम. शनिवारच्या बाटल्या घरी आणून पत्र्याखाली मांडल्या.

वाइनला श्वास घेऊ द्यावा, असंही छापलं आहे. मी एक बूच काढून ठेवलं. आईने वरून वाटी झाकली. मी म्हटलं, तिला श्वास घ्यायचा आहे. आई म्हणाली, आणि चिलटांना पोहायचं आहे. वाटी राहिली.

शुक्रवार, ८

छातीत धडधड. हा आत्मविश्वासच असावा, फक्त जरा वेगाने येतो आहे.

अंडी उकडली, पिवळं वेगळं केलं. पांढऱ्याचं काय करायचं, ते आईने बाबांच्या ताटात सोडवलं. बाबा म्हणाले, प्रमुखाच्या बापाला उरलेलं.

चीजवालीने स्वतःहून विचारलं, टेबलावर थोडं चीज ठेवू का? मी नम्रपणे नकार दिला, चीज दमट असतं. तिने काढलेलं चीज परत काउंटरमध्ये ठेवलं. मग म्हणाली, बरं, निदान पाणी तरी ठेव. मी म्हटलं, वाइनच्या टेबलावर पाणी ठेवणं हा वाइनचा अपमान. तिने हात जोडले. आदराने, बहुतेक.

शनिवार, ९

कार्यक्रम झाला.

नीट लिहितो. माणसं चांगली जमली होती. मी प्रत्येकाला आधी टोस्ट दिला, मग पिवळं, मग दाणे, मग कोमट ड्राय रेड. टेबलाभोवती शांतता पसरली. मला वाटलं, चव समजून घेत आहेत. मग एका बाईंनी गळ्याकडे बोट दाखवलं. त्यांच्या नवऱ्याला बोलायचं होतं, पण तोंडातून फक्त भुगा आला. जाड भिंगाचा चष्मा लावलेल्या एका आजोबांची कवळी टोस्टमध्ये रुतून बसली. मग सगळे एकाच दिशेने धावले. पाण्याच्या मांडणीकडे.

मी ओरडून सांगत होतो, स्वीटबरोबर सूप आहे. कोणी थांबलं नाही.

आजोबा अख्खी बाटली पाणी पिऊन परत आले आणि साहेबांसमोरच म्हणाले, पोरा, ड्राय म्हणजे कोरडी नव्हे रे, गोड नसलेली. मी अदबीने दाखवून दिलं की पाटीत एकही चूक नाही. ते म्हणाले, पाटीत चूक नाही, बाळा. पाटीच चूक आहे.

लोकांत संमिश्र प्रतिक्रिया आहे, असं म्हणता येईल.

साहेब फक्त एवढंच म्हणाले, सोमवारी ये.

रविवार, १०

'सोमवारी ये' यावर विचार. काढून टाकायचं असतं तर 'येऊ नकोस' म्हणाले असते. 'ये' म्हणाले. शब्द लहान आहे, पण होकारार्थी आहे.

जेवण गेलं नाही. आई म्हणाली, तोंड का सुकलंय? बाबा म्हणाले, ड्राय झालाय. आई त्यांच्यावर रागावली. मला मात्र बाबांनी शब्द बरोबर वापरला की चुकीचा, हेच कळेना.

सोमवार, ११

नोकरी कायम झाली!

साहेब म्हणाले, वाइनची एकही बाटली गेली नाही. पाणी मात्र सगळं गेलं, गोदामातलंसुद्धा. दुकान सुरू झाल्यापासून असा खप झाला नव्हता. तुझ्या हाताला पाण्याचा गुण आहे. आजपासून पाण्याची मांडणी तुझी. मी विचारलं, पाट्या कधीपर्यंत देऊ? ते म्हणाले, पाण्याला कसली पाटी? जार उचल.

वाइन विभाग चीजवालीकडे गेला. तिने माझ्या पाट्या काढल्या, बाटल्यांशेजारी चीज मांडलं, आणि जेवणाच्या सुट्टीआधी तीन बाटल्या गेल्या. मला हाक मारून म्हणाली, पाठीला जपून रे, गुडघ्यात वाकून उचल. आपुलकी आहे. आहेच.

संध्याकाळी घरी सांगितलं, विभाग बदलला, पण बढतीच समजा, मागणी जास्त आहे. बाबांनी विचारलं, पाण्याबरोबर काय खायचं असतं? मी प्रामाणिकपणे सांगितलं, काहीही चालतं. ते म्हणाले, मग तिथे तू कशाला?

मी तोंड उघडलं. आई म्हणाली, आधी जेवू दे त्याला.

जेवलो.