डावीकडची खुर्ची

मामा,

तुमच्या कॅमेऱ्याच्या भिंगात आता बुरशीचा एक धागा धरलाय. उजेडासमोर धरलं तरच दिसतो, ज्वारीच्या दोन पानांमध्ये कोळ्यानं पहाटे ताणून ठेवलेला असतो तेवढा बारीक. जालन्याचा एक कारागीर म्हणाला, उघडून पुसून देतो, पण वरचा जांभळट थर जाईल, मग हमी नाही. मी म्हटलं, राहू द्या. धागा फोटोत येत नाही. फक्त ऊन समोरून आलं की सगळ्या चित्रावर सायीसारखं काहीतरी हळूच पसरतं, माणसं नुकतीच झोपेतून उठल्यासारखी दिसतात, आणि ते मला खटकत नाही. तव्याची एक बाजू जास्त तापते म्हणून कुणी तवा उकिरड्यावर टाकत नाही. आपण भाकर फिरवत राहतो.

सासऱ्याला मामा म्हणायची आपल्याकडं रीत, म्हणून मामा. एरवी माझे मास्तरही तुम्हीच. सातवीनंतर मी पुस्तक उघडलं नाही, त्यापुढचं जे काही शिकले ते आष्टीच्या आपल्या घरात, तुमच्या फोटोच्या स्टुडिओमागं, स्वयंपाकघराला लागून असलेल्या त्या कणगीच्या खोलीत, जिथं तुम्ही कणगी बाहेर काढून फोटो धुवायला लागला होतात. फोडणीचा वास आणि तुमच्या औषधांचा आंबूस वास एकाच दारातून यायचे. ओट्यावर माझ्या कुरडया वाळत, वर दोरीला तुमचे ओले फोटो वाळत, आणि वारा आला की दोघं मिळून ओरडायचो, धर, धर. लाल दिव्याखाली ताटलीतल्या औषधाच्या पाण्यात कोरा कागद सोडला आहे, तुम्ही ताटली हलवताय, आणि मी दुधावर साय धरायची वाट बघावी तशी बघतेय. आधी केस येतात. मग डोळे. ओठ सगळ्यात शेवटी. "घाई करू नको पोरी," तुम्ही म्हणता, "माणूस आपल्या चालीनं येतो." अजूनही कुणाची आठवण यायला लागली की मला ती अशीच येते, केसांपासून.

आमच्या लग्नाचा फोटो तुम्हीच काढला. तुमचा लेक आणि मी, दोघंही चौकटीच्या डाव्या अंगाला खेटून, आणि उजवीकडं नुसता पडदा, तोही धुक्यात बुडाल्यासारखा. फोटो काळापांढरा होता, म्हणून तुम्ही बारीक कुंचल्यानं माझ्या कपाळावर लाल रंग टेकवला. तो जरा डावीकडं गेला. माझी आई माहेराहून आली होती, तिनं फोटो हातात घेऊन लगेच चूक धरली, "कुंकू वाकडं झालं की हो." तुम्ही शांतपणे म्हणालात, "कुंकू बराबर आहे विहीणबाई. तुमची पोरगी मान वळवून राह्यली."

बरेच दिवस मला वाटायचं, तो मोकळा पडदा म्हणजे काही कला असेल. आष्टीत ज्याच्या त्याच्या घरी भिंतीवर माणसं अशीच डावीकडं सरकून बसलेली. आजे, नवरदेव, बारशाची पोरं, सगळे जणू उजवीकडून कुणीतरी यायचं आहे म्हणून जागा धरून बसलेत. शेवटी मी विचारलंच. तुम्ही आधी दाराकडं बघितलं, मग हळू म्हणालात, "भिंगाचा तो कोपरा पेंगतो. पहिल्यापासनं. घेतलं तेव्हाच वापरलेलं होतं. म्हणून खुर्ची डावीकडं."

आणि मग मी तो शहाणपणा केला. एका गिऱ्हाइकाची बायको म्हणाली, मला मधोमध बसवा की, तर मी पदर खोचत सांगून टाकलं, मधोमध नको, आमचं भिंग एका बाजूनं खराब आहे. ती गेल्यावर तुम्ही मला आत बोलावलंत. आवाज चढवला नाहीत, तुम्ही कधी चढवायचा नाहीत, पण कान लाल झाले होते.

"बैल विकायला काढलाय का आपण?"

"न्हाई, मामा."

"मंग खोड कशाला सांगती? डावीकडं ओढणारा बैल असला तरी नांगराचं तास सरळ पडतं, पण नांगर धरणाऱ्याला ती खोड ठावकी पाहिजे. वाटंनं जाणाऱ्याला काय करायची? आणि खराब म्हणू नको त्याला. पेंगतं म्हण."

मी त्या दिवशी भाकरी थापता थापता रडले, आणि तेव्हापासून कुठल्याच वस्तूला खराब म्हणत नाही.

तुमचा लेक तापानं गेला तेव्हा आमचा पोरगा अजून पाळण्यातून उतरला नव्हता. गल्लीतल्या बाया आल्या, त्यांनी रीतीप्रमाणं माझं कपाळ पुसलं, आपल्या हातानं, पाण्याचा तांब्या जवळ ठेवून. त्यांचाही काही दोष नव्हता, त्याही रडत होत्या. तुम्ही ओट्यावर आमच्याकडं पाठ करून बसला होतात. मी तुमच्यावर रागावले नव्हते, आताही नाही. पण ती पाठ मला आठवते, मामा. त्या पाठीला मी पुष्कळदा मनातल्या मनात हाक मारली आहे.

मग कधीतरी, कापूस वेचून झाल्यावर, वाटूरची मंडळी पोरीला घेऊन आली. स्थळाच्या पाहुण्यांकडं पाठवायला फोटो हवा होता. मी नेहमीसारखी पदर सारखा करायला पुढं झाले, तशी पोरीच्या आत्यानं तिला दंडाला धरून मागं ओढलं.

"दुसरं कोणी न्हाई का घरात? शुभाचं काम आहे."

मी तिथंच थांबले. तुम्ही कॅमेऱ्यामागून डोकंसुद्धा वर काढलं नाहीत. "दुसरा मी आहे. मी लावू का पदर?"

पोरगी फिसकन हसली. आत्या नाही हसली. "तसं न्हाई, दादा. तुम्हाला कळून राह्यलं मी काय म्हणते ते."

"कळून राह्यलं, अक्का. पण माझी नजर गेली आता. पदर कुठं मुडपला, बट कुठं आली, हिच्याशिवाय मला बिलकुल दिसत न्हाई. परतूरला दुसरा स्टुडिओ आहे, चांगला आहे. पण यष्टी आत्ताच गेली. आता दिवस कलल्यावर."

आत्यानं रस्त्याकडं बघितलं. रस्त्यावर नुसती धूळ खाली बसत होती. तुमची नजर अशी होती की गल्लीतल्या बाया सुईत दोरा ओवायला तुमच्याकडं यायच्या, आणि हे तिलाही कुणीतरी सांगितलं असणारच. पण ती पदर आवरून बाकावर बसली आणि म्हणाली, "लावा मंग जल्दी."

मी तिचा पदर खांद्यावर बसवला. त्या पोरीनं माझा हात पदराखाली जरा दाबला, कुणाला दिसू नये असा. तुम्ही म्हणालात, "बाई, तिला डावीकडं सरकव." आणि खटका दाबलात. त्या संध्याकाळी जेवताना मी वाट बघत होते, तुम्ही काहीतरी बोलाल. तुम्ही बोललात ते इतकंच, की पिठल्यात मीठ पडलंय जास्त. मला हसू आलं, आणि मग ते आवरेना.

माझ्या कपाळाबद्दल तुम्ही शेवटपर्यंत एक शब्द काढला नाहीत. अंथरुणाला खिळलात तेव्हा उशाखालून पिशवी काढून माझ्या हातात दिलीत, स्टुडिओच्या जुन्या पडद्याच्या तुकड्याची, आत हे भिंग. "उजवा कोपरा पेंगतो. ध्यानात आहे ना?" मी म्हटलं, "आहे, मामा." "मंग झालं."

पोरगा आता जालन्याला मास्तर आहे. तुमचा जुना कॅमेरा कधीच निजला, रोल मिळेनासे झाले, मग मी मिळेल त्यावर ओळखपत्रांचे फोटो काढत राहिले. गेल्या दिवाळीला त्यानं मला कुणाचा तरी वापरलेला, नव्या तऱ्हेचा कॅमेरा आणून दिला, आणि तुमचं भिंग त्याला बसावं म्हणून एक कडी. या कॅमेऱ्याच्या पोटात आरसा नसतो, मामा. तुम्ही असता तर म्हणाला असता, आरसा न्हाई तर तोंड कशात बघतो? आत एक बारका पडदा आहे, त्यावर सगळं दिसतं, पण पापणी लवावी इतक्या उशिरानं. बाहेर पोर हात हलवतं, आणि आतलं पोर मागून हलवतं. डोळा लावला की मला नेहमी वाटतं, समोरचं नाही, घडून गेलेलंच बघतेय. त्याचं रबर सुटलंय, ते मी खळीनं चिकटवलं. एक चाक फिरवताना घर चुकतं. माझेही गुडघे चुकतात. आमचं जमलं.

एक खोड मात्र उशिरा कळली. कमी उजेडात, खटका जरा वेळ उघडा राहिला, की चित्राच्या डाव्या अंगाला, वरच्या बाजूला, एक लाल ठिपका उमटतो. दर वेळी तिथंच. मी पोराला फोन केला.

"आई, त्याला हॉट पिक्सल म्हणतात. सगळ्यात थोडेफार असतात. मेनूत एक जागा आहे, तिथं दाबलं की कॅमेरा आपला आपण शोधून झाकतो."

"झाकतो म्हंजे जातो का?"

"जात न्हाई. शेजारच्या ठिपक्यांचा रंग त्याच्यावर चढवतो. मंग दिसत न्हाई."

मी म्हटलं, बघते. आणि तुमची रीत धरली. अंधाऱ्या घरात फोटो काढायचा झाला की तो ठिपका उघड्या दाराच्या उजेडात बुडवायचा, नाहीतर कुणाच्या लाल लुगड्यावर, नाहीतर जास्वंदीवर. पेंगणारा कोपरा उजवीकडं, जागा राहिलेला ठिपका डावीकडं, आणि त्या दोघांच्या मधून माणूस. दोन खोडील जावांच्या मधून वाट काढावी तसं.

परवा पोरगा म्हणाला, "आई, अख्ख्या आष्टीचे फोटो काढले तू, आणि तुझा लग्नातला सोडून एक न्हाई. माझ्या नव्या घरात भिंतीवर आज्जा आहे, बाबा आहेत. तू कुठंय?" माझ्या वयाच्या बाईला याचा अर्थ कळतो. माघारी हार घालायला फोटो लागतोच. पण मला वाटलं, भिंतीवर जायचंच आहे, तर आपल्या हातानं जावं. तिथं मी कशी दिसेन, हे तरी गल्लीनं ठरवू नये.

दुपार कलल्यावर माजघराच्या दारातून उजेडाचा एक पट्टा येतो, तुम्हाला माहीत आहे, त्यात धूळ अशी तरंगते की जणू कुणी आत्ताच उठून गेलंय. कॅमेरा तिवईवर ठेवला, तुमची स्टुडिओतली खुर्ची समोर मांडली, ठिपका दाराच्या उजेडात बुडवला. मग उशिरानं खटका पडायची कळ दाबून जाऊन बसले. बसताना मात्र खुर्ची डावीकडं ओढली गेली. इतकी वर्षं लोकांना सरकवलं, स्वतः बसताना हात कसा थांबेल?

फोटोत मी पायांपासून डोक्यापर्यंत आहे, हात मांडीवर, उजवीकडची भिंत धुक्यात, सगळ्यावर बुरशीच्या धाग्याची ती साय. आणि कपाळावर लाल ठिपका. मधोमध नाही. जरा डावीकडं. मी चित्र मोठं करून बघितलं तर नुसते दोन-चार लाल चौकोन, कॅमेऱ्याचा दोष. लहान केलं तर कुंकू. मोठं केलं, लहान केलं, मोठं केलं, लहान केलं. दाराचा उजेड सरकत सरकत उंबऱ्यावर गेला. तुमच्या हातात कुंचला आहे, आई भांडतेय, आणि तुमचा लेक माझ्याकडं बघायचं नाही म्हणून छताकडं बघतोय.

मी तोच फोटो पोराला पाठवला. लगेच फोन आला.

"आई, कपाळावर तो ठिपका आलाय."

"हां. खुर्ची सरकली सवयीनं."

"काढू का मी इथं? दोन मिनिटांचं काम आहे." आणि हळू म्हणाला, "लोक विचारतील."

"सांग त्यांला, भिंग पेंगणारं, कॅमेरा वापरलेला, आणि बाईही काही कोरी न्हाई."

तो हसला नाही. मग म्हणाला, "उद्या फ्रेमला टाकतो. मोठा करायला सांगू?"

"नको," मी म्हटलं. "लग्नातल्याएवढाच."

हा कागद घडी करून भिंगाच्या पिशवीत ठेवते. तुमच्यापर्यंत जायला दुसरी वाट नाही. पिशवीला अजून पडद्याचा वास आहे, की मला तसं वाटतं, कोण जाणे. पोराला नाही सांगितलं, मामा, पण तुम्हाला सांगते. सवयीनं खुर्ची सरकली त्या पहिल्या फोटोत माझे डोळे मिटले होते. पाठवला तो नंतरचा, त्यात खुर्ची सवयीनं सरकली नाही. ठिपका कपाळावर यावा म्हणून मी ती मांडली. दोनदा चुकली, तर पुन्हा उठून मांडली.