मागचा डावा सड

ती. बाबांना, आणि हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या ती. आईंना साष्टांग नमस्कार. इकडे माणसे सगळी ठीक आहेत. बाबांच्या डोळ्याचे ऑपरेशन नीट पार पडल्याचे कळले आणि जिवात जीव आला. डॉक्टरांनी त्यांचे वाचन बंद केले आहे, बोलणे नाही, हे आईंनी सांगितले तेव्हा त्यांचा आवाज जरा थकलेला वाटला. (आई, मध्ये मध्ये पाणी प्या, पत्र लांबणार आहे.) फोनवर बाबा माझे पहिले वाक्यसुद्धा पुरे होऊ देत नाहीत, म्हणून हा लेखी प्रपंच.

तर बाबा, तुम्ही आम्हाला दिलेल्या गाईचा मागचा डावा सड दुखावला आहे. मागच्या खेपेला तुम्ही इथे राहून, रोज हौसेने धार काढून परत गेलात, आणि त्यानंतर ती त्या सडाला हात लावू देईना. मी आधी गोठ्यातल्या तुटक्या पत्र्यावर संशय घेतला आणि तो उखडून काढला. मग कुंपणाची तार झाली. मग वासराचे दात झाले (मी त्याच्या तोंडात विजेरी घालून पाहिले, त्याने विजेरीचे बटण चघळले). मग शेजाऱ्यांचा कुत्रा. त्यावरून शेजाऱ्यांशी इतके वाजले की ते आता आमच्या फाटकासमोरून मान फिरवून जातात. कुत्रा मात्र रोज येतो.

शेवटी गुरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी हात धुतले, कास चेपून पाहिली, सड दोन बोटांत हलकेच चाचपला आणि आत वाटाण्याएवढी गाठ असल्याचे सांगितले. पत्रा, तार, दात, कुत्रा सगळे निर्दोष सुटले. अंगठा मुडपून त्याच्या सांध्याने सड दाबत धार काढली की आतून असा मार बसतो म्हणे. इथे अशी धार कोण काढते, असे त्यांनी विचारले. ही तुमची लेक छताकडे बघू लागली, मी वासराकडे. बाबा, तुम्ही उभा जन्म त्याच पद्धतीने बादल्या भरल्यात आणि तुमच्या बादलीवर येतो तसा फेस कुणाच्याच बादलीवर येत नाही, हे मी बाईंना ठणकावून सांगितले. त्या म्हणाल्या, "फेसाचं कौतुक गाईला नसतं." हे मला लागले. तुमच्याबद्दल कुणी असे बोललेले मला खपत नाही, तो हक्क फक्त हिचा आहे.

आता त्या सडाला पिळायचे नाही. उकळून घेतलेली बारीक नळी आत सरकवून दूध आपोआप निथळू द्यायचे, मग सड औषधात बुडवायचा. पुन्हा मार बसला तर तो कायमचा बंद होईल. ऐकायला सोपे आहे, पण नळी दिसली की गाईसाहेबांचा पाय उठतो. आधी बादली गेली, मग माझा चष्मा गेला, मग मी स्वतः शेणाच्या ढिगात गेलो. हिने गाणे म्हणून पाहिले. त्या दिवशी लाथ जरा जोरात बसली.

तुम्ही लवकरच येऊन, स्वतः धार काढून गाईला वठणीवर आणणार आहात, असे कळते. पण गोठ्यातली धूळ डोळ्यात जाईल. तेव्हा प्रवास टाळावा, आराम करावा आणि गाईची मुळीच काळजी करू नये, असा आम्हा दोघांचा आग्रह आहे.

तुमचा आज्ञाधारक जावई

ता. क. वरचा आग्रह रद्द समजावा. आज सकाळी तुमचा फोन आला तेव्हा मी गोठ्यातच होतो. तुम्ही नेहमीप्रमाणे मला झापत होतात, फोनचा आवाज मोठा होता, आणि गाय कान टवकारून इतकी शांत उभी राहिली की नळी कधी गेली हे तिला कळलेही नाही. फोन ठेवल्यावर लाथ बसली. तेव्हा डॉक्टरांनी परवानगी दिली की लगेच या. तुम्ही डोक्याकडे बसून बोलायचे, मी सडाकडे. गाईचे अंग घासायला तुमच्यासाठी नवा खरारा आणून ठेवला आहे. दोन्ही हात त्यावरच असू द्यावेत, एवढी हात जोडून विनंती.

आणखी एक ता. क. हा फक्त आईंसाठी, मनातल्या मनात वाचावा. अंगठ्याचा मजकूर बाबांना वाचून दाखवू नका, त्यांना फार लागेल. सड पत्र्याने कापला असे सांगा. पत्रा मी भंगारात दिला आहे, तो काही बोलायला येणार नाही.