खिडकीजवळची जागा

प्रिय ठमे,

फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. एका अर्थी बरंच झालं. फोनवर माझी गाडी चौथ्या वाक्याला भलतीकडे जाते आणि पाचव्याला तू फोन ठेवतेस. तुझ्या जुन्या वह्यांतली कोरी पानं मी फाडून जपून ठेवली होती, त्यांवरच लिहिते आहे. एखाद्या पानाच्या कोपऱ्यात बाईंनी लाल शाईनं 'अक्षर सुधारा' लिहिलेलं दिसेल, ते तुला होतं, मला नव्हे.

रविवारी तू जिना उतरलीस ती मागे न बघता. तो बेकरीवाला मात्र खाली पोचल्यावर वळला आणि वर बघून त्यानं मला नमस्कार केला. मी पडदा ओढून घेतला. चौदा तारखेला तुम्ही लग्नाची नोंदणी करणार आणि मग त्याच्या इथे राहण्याच्या परवान्याचा अर्ज टाकणार, एवढं तू सांगितलंस आणि मी त्याच्या तोंडावर म्हणाले, "कागद मिळाला की हा उडून जाईल." त्यानं हातातला चहा तसाच खाली ठेवला. तुझे बाबा उठून बाल्कनीत गेले ते तासाभरानं आत आले, मशीनच्या तेलाची डबी शोधायला लागले, आणि एवढंच म्हणाले, "आज आईची आठवण आली."

तुला वाटेल, येते म्हातारपणी आठवण. पण त्या वाक्यानंतर मला घास गोड लागलेला नाही. का, ते सांगायला बरंच मागे जावं लागेल.

तू लहानपणापासून माझ्या तऱ्हा बघत आली आहेस. रस्त्यात गणवेशातला माणूस दिसला की मी पलीकडच्या कडेला जाते. कुठलाही शिक्क्याचा कागद टाकू देत नाही, मग तो बंद पडलेल्या वाचनालयाचा का असेना. आणि घरात संत्री येत नाहीत. माझ्या हिशेबाच्या वह्यांत इतक्या वर्षांत संत्र्यांची नोंद एकदाही नाही. तू हट्ट केलास की मी महाग आहेत म्हणायचे, आणि तू मैत्रिणींना सांगायचीस, आमची आई म्हणजे चिक्कू मारवाड्याच्याही वरताण. मी ऐकून घेतलं, कारण ते खऱ्यापेक्षा बरं होतं.

मी या देशात विमानानं आले, खिडकीजवळच्या जागेवर बसून, असं तुला सांगत आले. ढग वरून कसे दिसतात ते विचारल्याशिवाय तू झोपायची नाहीस. पिंजून ठेवलेल्या कापसासारखे, आणि मधूनच एखादी उसवलेली शिवण, तिच्यातून खालचं शेत, असं मी सांगायचे. ठमे, ते ढग माझे नव्हते. तुझ्या बाबांचे होते. आणि त्यांनीही ते कधी पाहिले नव्हते.

मी संत्र्यांच्या ट्रकमधून आले. खोक्यांच्या दोन रांगांमध्ये माणूस आडवा मावेल एवढी फट ठेवली होती, वर रिकामी पोती. वडील गेले होते, मागे दोन बहिणी शिकत होत्या, आणि दलाल म्हणाला होता की पलीकडे शिवणकाम करणारीला मरण नाही. सीमेवर ट्रक थांबला, कुणीतरी काठीनं खोकी ठोकत गेलं. मी तोंडात पदराचा बोळा धरून देवाचं नाव घेत होते, आणि तो संत्र्यांचा वास नाकातोंडात भरला होता. शिंक आली असती तरी संपलं होतं. पोलक्याच्या अस्तरात मॅट्रिकचं प्रमाणपत्र शिवलेलं होतं. माझं नाव असलेला तेवढा एकच कागद माझ्यापाशी होता.

शिवणाच्या कारखान्यात मला सगळ्या 'मॅट्रिक' म्हणत. तळघरात वीस मशीन, वर रस्त्यावरच्या लोकांचे फक्त पाय दिसायचे. मी कॉलर शिवायचे. तुझे बाबा मशीन दुरुस्त करायला आठवड्यातून एकदा येत आणि माझ्या मशीनची सुई नेमकी त्याच दिवशी मोडे. बायका म्हणायच्या, मॅट्रिकची सुई पंचांग बघून मोडते. खरं सांगते, पहिल्या दोन सुया आपोआप मोडल्या होत्या.

एकदा तपासणी आली. ज्यांच्याकडे कागद नव्हते त्या मागच्या दारानं पळाल्या, मी अडकले आणि कापडाच्या ताग्यांमागे बसले. तुझ्या बाबांनी एक मोडकं मशीन ओढून ताग्यांसमोर आणलं, स्टूल टाकलं, आणि अर्धा तास त्या मशीनच्या सात पिढ्यांचा उद्धार करत बसले. तपासनीस म्हणाला, जरा सरका. हे म्हणाले, "साहेब, तुम्ही शटल धरता का, मी लगेच सरकतो." साहेबांनी तेलकट शटल बघितलं आणि ते निघून गेले. नंतर यांनी मला काही विचारलं नाही. महिन्याभरानं बॉबिन बसवता बसवता म्हणाले, "घरी माझी आई आहे. कडक आहे. चालेल का?" हीच मागणी. याहून लांब भाषण त्यांनी आजवर केलेलं नाही.

आता जे लिहिते ते मी देवासमोर दिवा लावून लिहिते आहे. हो म्हणताना माझ्या मनात कागद नव्हता असं म्हटलं तर खोटं होईल. होता. माणूसही होता. शिजलेल्या भातातून पाणी किती आणि तांदूळ किती ते वेगळं काढून दाखवा म्हटलं तर कोण दाखवणार?

तुझी आजी मात्र दाखवायला बसली होती. तुला ती तुझ्या वेण्या घालणारी आणि माझी बाजू घेऊन बाबांना झापणारी आठवते. मला आठवते ती दाराच्या फटीतली. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं सासूबाई म्हणाल्या, "कागद मिळाला की ही उडून जाईल." हेच शब्द, ठमे. एक कानामात्रा इकडची तिकडे नाही. मग सुरू झाली पहारेदारी. सकाळी दूध द्यायच्या निमित्तानं खोलीत येत आणि दोन्ही उशांवर खळगा पडलाय का बघत. माझी पेटी कुलपाविना आहे ना, चपला आतल्या बाजूला आहेत ना, यांच्या डब्यात मी भाजी यांच्या आवडीची भरते की माझ्या, सगळ्यावर नजर. माझ्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलल्यासारखं, 'कुणीतरी मीठ जास्त टाकलंय.' दोन वर्षं मी त्या घरात सासूच्या हाताखाली नव्हे, तिच्या भिंगाखाली राहिले.

परवान्याच्या मुलाखतीची तारीख आली. दलाल म्हणाला, विमान सांगा, ट्रक सांगितलात तर गेलात. म्हणून आम्ही दोघं आठवडाभर विमान पाठ करत होतो. एका जुन्या कॅलेंडरवर विमानाचं चित्र होतं, त्यावरून यांनी खिडकी ठरवली, डावीकडची, पंखाच्या मागे. मी यांना कधी भेटले, कोण कुठल्या कुशीला झोपतं, हे सगळं तर खरंच होतं, त्याला पाठांतर लागलं नाही.

दोघांना वेगळ्या खोल्यांत बसवलं. माझ्या खोलीतल्या बाईंना सर्दी झाली होती, दर वाक्याला नाक पुसत होत्या. त्यांनी आधी हात वर करून शपथ घ्यायला सांगितली. सकाळी देवाला हात जोडून आले होते तोच हात. मग त्यांनी विचारलं, कशा आलात. मी त्यांच्यामागच्या पडद्याकडे बघितलं, विमान म्हणायला तोंड उघडलं, आणि म्हणाले, संत्र्यांच्या ट्रकमधून. त्याच वेळी भिंतीपलीकडे तुझे बाबा साहेबाला कापसाचे ढग आणि उसवलेली शिवण सांगत होते. उभ्या जन्मात हा माणूस इतकं रंगून बोलला नाही आणि बोलला तो त्या दिवशी.

अर्ज नामंजूर झाला. खरं सांगितलं म्हणून नव्हे, दोघांचं जुळलं नाही म्हणून. नियम असा निघाला की चोरवाटेनं आलेल्यानं आधी देशाबाहेर जायचं, तिथून अर्ज करायचा, आणि बोलावणं आलं तर सरळ दारानं यायचं. आलं तर. निघताना देवापुढचा माझा रोजचा दिवा मी यांच्यावर सोपवला. चौदा महिने मी बहिणीच्या घरी धान्याच्या कोठीत झोपले. यांची पत्रं दोन ओळींची. प्रत्येक पत्रात, तुझा दिवा रोज लागतो. मला वाटे, देवाधर्माला हसणारा माणूस, माझ्यासाठी लावतो. परत आल्यावर कळलं, हे दुसऱ्याच दिवशी विसरले होते. दिवा तुझी आजी लावत होती.

आणि बोलावणं आलं तेही तिच्यामुळे. दुसऱ्या अर्जाच्या वेळी कचेरीनं घरातल्या माणसाची साक्ष मागितली. यांनी आईला सांगायची हिंमत केलीच नव्हती. तिनं परस्पर कचेरीचं पत्र वाचलं, चांगलं लुगडं नेसली, आणि एकटी जाऊन जबाब लिहून देऊन आली. त्याची नक्कल मी देवाच्या फोटोमागे ठेवली आहे. त्यात लिहिलंय: 'ही बाई कागदासाठी आली असा माझा पक्का संशय होता. म्हणून मी दोन वर्षं रोज तिच्यावर नजर ठेवली. मला काही सापडलं नाही. माझ्या नजरेतून सुटेल इतकी ती हुशार नाही.' कचेरीतले लोक म्हणे हसले. पण प्रेमानं दिलेल्या चार साक्षींनी झालं नसतं ते त्या संशयानं झालं. मी परत आले तेव्हा सासूबाई दारात होत्या. म्हणाल्या, "किती वाळलीस. आत ये." पहिल्यांदा मला उद्देशून.

आता या पत्राचं कारण. तुझ्या बेकरीवाल्यानं एकदा मला सांगितलं की तो विमानानं आला, आणि सांगताना तो पडद्याकडे बघत होता. मला तेव्हाच कळलं. मी चिडले ती त्याच्या खोटेपणावर नाही, तो मला माझ्यासारखा दिसला म्हणून. त्याला म्हणावं, कसा आलास ते मला सांगू नकोस, पण मुलाखतीत खरं सांग, आणि दोघांनी एकच सांगा. कदाचित त्यालाही बाहेर जावं लागेल, कदाचित चौदा महिने. तेव्हा दिवा कोण लावणार ते आत्ताच ठरव. बाबांकडून कळलं की नोंदणीच्या तीन साक्षीदारांत तिसरी जागा तू रिकामी ठेवली आहेस. ती मी भरते. माझा जबाब तयार आहे: आठ महिने मी या मुलावर नजर ठेवून आहे. एकच प्रश्न निरनिराळ्या दिवशी फिरवून विचारला. बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला हा रात्रभर खुर्चीत जागा होता की झोपला, ते मी दोनदा उठून बघितलं. कप धुतो तेव्हा बूडही धुतो. विमान सोडलं तर मला काही सापडलं नाही. चौदा तारखेला मी सकाळी दहाला कचेरीच्या पायऱ्यांवर उभी असेन, गणवेशवाले कितीही असोत. आणि त्याआधी रविवारी दोघं या. त्याचा चहा राहिला आहे. येताना त्याला दोन संत्री आणायला सांग. खाईनच असं नाही, पण सोलून बघेन.

तुझीच,
मॅट्रिक