परमुलखाची काठी

माघ वद्य ३, शके १८३२

नांदूरघाटच्या बाजारात आज आश्रुबाचं प्रवचन! आमच्या गोठ्यात शेण भरून मोठा झालेला गडी. चार वर्षं पाद्र्यांकडं राहिला, आता पांढरा सदरा घालून लोकांना शहाणपण शिकवतो. म्हणे फार जुन्या काळी यहुदी लोकांच्या देवानं आपल्याच माणसांना शिक्षा करायला अश्शूर नावाचं परकं राज्य बोलावलं. कारण? मोठे लोक शेताला शेत जोडत गेले, विधवांचं गिळत गेले! "देवानं काठी उचलली, अन् काठी परमुलखाची व्हती!"

देव तो कसला, ज्याला घरची पोरं धाकात ठेवायला शेजारचा गुंड लागतो! आणि विधवा म्हणताना माझ्याकडंच बघत होता, हरामखोर.

माघ वद्य ५

कळलं का बघत होता ते. दगडाबाई वहिनी — थोरल्या चुलतभावाची बायको, तो जाऊन सहा वर्षं झाली — माझ्या नव्या विहिरीला पाणी लागल्यापासून गावभर सांगते, "हीर माझ्या रानात हाय." केजला तहसिलीत अर्जसुद्धा दिला!

रान तिचंच आहे. दोन वर्षांमागं हद्दीचा दगड वीस पावलं मीच सरकवला. इथं लिहायला काय भीती? एकट्या बाईला विहीर काय करायचीय!

माघ वद्य ८

मीही अर्ज ठोकला — होऊन जाऊ द्या मोजणी! मोजणीदार दगडापासून साखळी टाकणार आणि दगड तर मीच बसवलेला. बायकोनं, सावित्रीनं, भाकरी थापता थापता तेवढं नाक खुपसलंच — "घरच्या भांडणात परका माणूस कावून बोलवता?"

बायकांना कायदा कळत नाही.

फाल्गुन शुद्ध २

आश्रुबा वाटेत भेटला. म्हटलं, काय रे, तुझ्या अश्शूरवाल्यांना तरी ठाऊक होतं का, आपण देवाचं काम करतोय?

"न्हाई मालक. ते लुटायला आलते. काठीला कुटं ठावं असतंय, कुनाच्या हातात हाय ते? पुढं लई फुगले, मग देवानं त्यांनाबी मोडलं."

वा रे न्याय! मारायचंही त्यांनीच आणि मोडायचंही त्यांनाच! पोट धरून हसलो. तो हसला नाही.

फाल्गुन शुद्ध ६

मोजणीदार आला. तेलंगी माणूस, मराठीचा गंध नाही. मी कोंबडं कापलं, त्यानं शिवलं नाही. आपल्या डब्यातला ताकभात खाऊन झोपला. भिकार!

फाल्गुन शुद्ध ७

सत्यानाश! माझ्या दगडाकडं त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. साखळी धरली ती तीन गावांच्या शिवा मिळतात तिथल्या सरकारी खुणेपासून! माळ उतरला, ओढा ओलांडला, आकडे पुटपुटत सरळ माझ्या रानात, आणि मेख ठोकली विहिरीच्या अलीकडं. विहीर वहिनीची झाली. त्याला ना तिचं सोयर ना माझं सुतक.

मग विचारतो, "पत्थर किसने हटाया?"

दगड हलवला म्हणजे कैद. सगळं गाव उभं. वहिनी पदर सारखा करून पुढं आली.

"म्या हालवला, सायेब. नांगराला आडत व्हता."

खोटं! आपलंच रान कमी करायला कोण दगड हलवतं? कुणीतरी हिंदीत सांगितलं तेव्हा त्यालाही पटलं नसावं, पण जबाब लिहून घेतला, तिचा अंगठा घेतला. आता कागद केजला जाणार.

परतताना विचारलं, का? ती थांबलीसुद्धा नाही. "या घरातला एक मानूस गेला भाऊजी. दुसरा कैदेत कावून धाडू?"

मूर्ख बाई! चारचौघांत शिव्या दिल्या असत्या, अंगावर माती टाकली असती — ते मला कळलं असतं. लाज वाटते. भयंकर लाज वाटते.

फाल्गुन शुद्ध ८

जेवलो नाही.

फाल्गुन शुद्ध १०

केज. दगड मीच सरकवला, असं लिहून दिलं. वहिनीला सांगितलेलं नाही. शिपाई दारात उभा आहे — वही आत नेता येणार नाही म्हणतो.