सोंड

लाडके मेबल,

तू विणलेले मोजे मिळाले, पाय अगदी उबेत आहेत. आई नीट जेवते ना?

फ्रान्सच्या आघाडीवर गेलेलं नाक पुन्हा घडवायला डॉक्टरांनी माझ्या छातीची कातडी नळीसारखी गुंडाळून चेहऱ्याला जोडली होती. शेजारच्या खाटेवरचा सिरिल रोज ओरडायचा, "ए हत्ती, सोंड आवर, चहा सांडशील!" सगळा वॉर्ड हसायचा. मीही.

काल नळी काळी पडली. नर्सने दाबून पाहिली, रक्ताची लाली परतलीच नाही; कातडी मेली होती. शेवटी कापून टाकली. डॉक्टर म्हणाले, "पोटावर कातडी पुष्कळ आहे, पुन्हा करू."

आज सिरिलने मला नावाने हाक मारली, अगदी हळू. तेवढं मात्र सोसलं नाही गं.

आई नवा फोटो मागते. तिला जुनाच धूळ पुसून दे.

तुझाच,
हर्बर्ट