मोडक्या चकल्यांवर कर नाही

अप्पा, दोन महिन्यांपूर्वी मी तुमच्या नातीच्या कर्जाला जामीन राहिले. होय, मीच, साधा फ्रिजसुद्धा हप्त्यांवर न घेणारी तुमची मुलगी! पोरीनं इलेक्ट्रॉनिक सिटीतली नोकरी सोडली आणि म्हणाली, "आई, मला फराळाचा कारखाना काढायचाय. मशीनसाठी कर्ज घेतेय, बँक जामीन मागतेय." तिचे हप्ते थकले तर माझी म्हातारपणाची ठेव गेली म्हणायची. दोन दिवस मी पासबुक उघडून आकडे मांडत बसले. मग माळ्यावरचा डबा काढताना तुमचा पितळी सोऱ्या हाताला लागला आणि मला एकटीलाच हसू फुटलं.

के. आर. पुरमचं आपलं स्वयंपाकघर, दिवाळीचे दिवस. तुम्ही कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारे, घरी तरी गप्प कसे बसाल! जो जितक्या चकल्या पाडेल तितक्या त्याच्या, फक्त दहातली एक 'सरकारी डब्यात'. त्या डब्यातून शेजारच्या अक्कांना, दूधवाल्या अण्णांना, येईल त्याला फराळ. "डबा रिकामा असेल तर पाहुण्यांना काय, भाषण वाढायचं?" असं तुम्ही म्हणायचात. कुरकुरत का होईना, आम्ही देत होतो. एका वर्षी मात्र सरकारला हाव सुटली: दहातल्या पाच! वर उदार होऊन सूट दिलीत, मोडक्या चकल्यांवर कर नाही. झालं! संध्याकाळी तुम्ही वसुलीला येता, तर परातीत एक चकली धड नाही. दादा गंभीर चेहऱ्यानं सांगतो, "सरकार, यंदा पीकच मोडकं आलं." तुम्ही आधी डोळे वटारता, मग पोट धरून हसत सुटता. "द्या आता अक्कांना चुरा!" आई झारा उगारून म्हणते. कर पुन्हा दहातली एक झाला, आणि पुढच्या घाण्यांतून डबा काठोकाठ भरला.

बचतीचं तेच. दादानं आपल्या चकल्या ट्रंकेत दडवल्या, त्याचं बघून आम्हीही हात आखडता घेतला. मग आईनं गॅसच बंद केला. "कोणी खाणारच नसेल तर मी तळू कशाला?" तुम्हाला तर आयता धडा मिळाला! "साठवावं जरूर, पण सगळ्यांनी एकदम मूठ आवळली की देशाचीही चूल विझते." दादाच्या चकल्या खवट झाल्या ते वेगळंच.

आणि कर्ज. माझ्या चकल्या संपल्या म्हणून मी अक्कांकडून उसन्या आणून खाल्ल्या. पुढच्या दिवाळीत फेडता फेडता माझा डबा रिकामा झाला. त्याच दिवाळीत आपला जुना सोऱ्या मोडला, तर तुम्ही त्याच अक्कांकडून उसने पैसे घेऊन नवा आणलात. मी केवढी चिडले होते! "मी उसनं आणलं तर ओरडा, आणि तुम्ही?" तुम्ही माझ्या डोक्यावर टपली मारलीत. "तू उसनं खाल्लंस, बाळ. मी उसन्यातून सोऱ्या आणला. आता तो फेडेल." अक्का दारातून आपल्या कानडी-मराठीत म्हणाल्या, "सरी, बरोबर आहे, मग मला स्वल्प जास्त द्या!" त्या वर्षी आईनं मजुरी घेऊन अख्ख्या गल्लीच्या चकल्या करून दिल्या आणि तुळशीच्या लग्नाआधी उसने फिटले.

तोच सोऱ्या घेऊन मी पोरीच्या मारतहळ्ळीच्या फ्लॅटवर गेले. "मशीन चकल्या पाडेल ना नीट?" "मग काय आई, नाचेल?" दुसऱ्या दिवशी बँकेत सही केली. धास्ती अजून गेली नाही, अप्पा. पण इतक्या खुशीत मी कित्येक वर्षांत नव्हते. काल मशीनचा पहिला घाणा निघाला. मोठा डबा पुसून ठेवला होता, शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी. पोरीनं दहा मोजल्या आणि त्यातली एक माझ्या हातात दिली. "आजोबांचा कर. टाक डब्यात."

हे पत्र धाडायला तुमचा पत्ता कुठाय, म्हणून मोकळेपणानं सांगते. मी पाठ फिरवली, ती चकली हळूच मोडली, आणि खाल्ली.